उकडलेल्या करंज्या

आईने चुलीच्या तोंडात कळशीभर पाणी ओतलं. चुलीवर कढई होती आणि कढईतलं तेल तापलेलं होतं. लाकडं फुसफुसली, राखेचा लोट उठला, खालचं एक लाकूड सरकलं आणि कढई कलंडली. तेल बाबांच्या उजव्या पायावर गेलं. उरलेलं शेणाने सारवलेल्या जमिनीत मुरलं. बाबा ओरडले नाहीत. ओरडायची सोय नव्हती, बाहेर आळी होती. झारा हातात तसाच धरून ते खाली बसले. मी करंज्यांचं ताट घेऊन उभी होते. आतल्या खोलीतून माझा भाऊ विचारत होता, "झाल्या का?"

त्या वर्षीचा आमचा नाताळ तेवढ्या तेलात होता.

नाताळच्या आदल्या दिवसाची ती दुपार. गाव पोलादपूर. मी नऊ वर्षांची होते, भाऊ पाच. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. चौथीपर्यंतची शाळा, मास्तर एकच. मी तिथेच चौथी झाले आणि माझं शिक्षण संपलं. गावात किरिस्तावाचं घर आमचं एकच. घर म्हणजे एका म्हाताऱ्या विधवेच्या घराची मागची पडवी आणि एक खोली. पुढच्या भागात ती एकटी राहायची. आम्ही सगळे तिला काकी म्हणत असू.

त्या साली मिशनने पगार निम्मा केला. विलायतेतून पैसा येत नाही, असं पत्र आलं. बाबांनी ते आईला वाचून दाखवलं, घडी करून टोपीत ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून घरातला चहा बंद झाला. साबण गेला, रिठे आले. रॉकेलची चिमणी बाबांच्या वह्या तपासून होईपर्यंतच जळायची. महाडच्या बाजाराला जायला मोटार होती, पण बाबा चालत जायचे आणि चालत यायचे. अशा वाचवलेल्या भाड्यातून नाताळसाठी गव्हाचं पीठ आलं. आमच्याकडे रोजचा तांदूळ आणि नाचणी, गहू सणाला. नारळ काकीने दिला. तेल मात्र विकत आणावं लागायचं. दिवाळीपासून आईने कालवणाला फोडणी देणं बंद केलं आणि रोजचं वाचलेलं तेल एका बाटलीत घालत गेली. कारळ्याचं तेल, काळपट. बाटली गळ्यापर्यंत भरली तेव्हा तिने तिला बूच लावून फडताळात वर ठेवली. नवा कपडा एकट्या भावाला, तोही बाबांच्या जुन्या कोटाच्या अस्तराचा. मला काही नाही, कारण मी मोठी. चांदणी आम्ही कामट्यांची केली आणि वरून परीक्षेचे जुने कागद चिकटवले. आत पणती ठेवली की पोरांची चुकलेली गणितं उजेडात दिसायची.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भावाला ताप भरला. चौथ्या दिवशी तोंडावर फोड आले. बाबांनी त्याचा सदरा काढला आणि फोड बघायच्या आधी त्याचे दंड बघितले. डावा बघितला, उजवा बघितला. दोन्ही कोरे होते.

मागच्या थंडीत देवी टोचणारा सरकारी माणूस गावात आला होता. पोरं ओळीने उभी करायचं काम बाबांचं. मास्तरची पोरगी रडली नाही तर बाकीची रडणार नाहीत, म्हणून मला पहिली उभी केली. मी मोठ्याने रडले. भाऊ शाळेत नव्हता. त्याला घरी टोचायचं होतं. आईने त्याला त्या दिवशी उजाडायच्या आतच डोंगरावरच्या वाडीवर तिच्या चुलत्याकडे पाठवून दिलं. अर्ध्या चढापर्यंत मीच त्याला नेलं, तिथून चुलत्याची सून घेऊन गेली. वाडीवर सगळे पोरं लपवायचे, कोणी गोठ्यात, कोणी गवताच्या गंजीमागे. टोचून घेतलं की देवी चिडते आणि मोठी होऊन येते, अशी त्यांची समजूत. आई दहा वर्षांची होईपर्यंत त्या वाडीवर वाढली होती. मग तिचे आईबाप एकाच पटकीत गेले आणि ती महाडच्या मिशनमध्ये आली. मिशनने तिला वाचायला शिकवलं, शिवायला शिकवलं, बाप्तिस्मा दिला. वाडी तिच्यातून काढायचं कोणाला जमलं नाही.

संध्याकाळी भाऊ परत आला तेव्हा आईने त्याच्या दंडाला हळदीची चिंधी बांधली आणि टोचणारा घरी येऊन गेला असं बाबांना सांगितलं. बाबा चिंधी सोडून बघणारे नव्हते. मला सगळं माहीत होतं. मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता बाबा भावाचे दंड धरून बसले होते. ते आईला म्हणाले, "गावातली पोरं मी धरधरून टोचून घेतली. माझंच राहिलं."  या विषयावर ते पुन्हा कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही. पण ही गोष्ट महाडच्या मिशनच्या पाळकांच्या कानावर गेली तर बाबांची नोकरी राहणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

काकी आत आली. तिला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, तोंडावर वण होते, म्हणून तिला भीती नव्हती. तिने भावाकडे बघितलं, हात जोडले आणि आईला म्हणाली, "गो मास्तरणी, घरात पावणी आलीय. आता तिच्या मर्जीनं चालायचं. तळण नाय, फोडणी नाय, केस विंचरायचे नाय. आन पोर मागंल ते द्यायचं. पोर नाय मागत, ती मागते."

बाबा म्हणाले, "काकी, हा रोग आहे."

"तुमच्या पुस्तकात रोग आसंल. पर तळणाचा वास आळीत गेला आन उद्या दुसऱ्या घरात पोर पडलं, तर आळी तुमच्या पोराला हितं ठेवायची नाय. नदीवर खोपाट घालतील. मी एकटी बाई हाय मास्तर, किती जणांना आडवू?"

नदीवरचं खोपट म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी एका बाईला तिच्या पोरासह सावित्रीच्या काठावर असंच ठेवलं होतं. चार काठ्या, वर पेंढा, आणि थंडीत नदीवरून येणारं धुकं. पोर आठवड्याच्या आत गेलं. म्हणून आमच्यापुढे काम एकच होतं. भावाच्या खपल्या पडून त्याला अंघोळ घालेपर्यंत त्याला या छपराखाली ठेवायचं.

काकीने दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला आणि दार बंद झालं. शाळा बंद. विहिरीवर जायचं नाही, परसात गेलं तर कुडाच्या कुंपणापर्यंत. पाणी काकी आणून मागच्या पायरीवर ठेवायची. आम्ही चौघे एका खोलीत. पेज खायची, ताक प्यायचं आणि भावाच्या अंगावरच्या माशा वारायच्या. फोडांना घाण वास यायचा. केस विंचरायचे नाहीत म्हणून माझ्या डोक्यात उवा झाल्या आणि त्या मारायच्याही नव्हत्या. आठवडाभराने मला वाटायला लागलं की एकदाचं काय ते होऊन जावं, म्हणजे दार उघडेल. नऊ वर्षांच्या मुलीला असं वाटतं. मी ते लपवत नाही.

आई भावाला अहो-जाहो करायला लागली. "काय पायजे तुम्हाला? पाणी घेता?" असं. ती त्याच्यातल्या पाहुणीशी बोलत होती. बाबा भिंतीकडे तोंड करून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचे, आणि आई अहो म्हणाली की आवाज चढवायचे. इतक्या लहान खोलीत दोन्ही ऐकू यायचं.

मग भावाने करंजी मागितली. त्याचे डोळे सुजून मिटले होते, पण फडताळात तेलाची बाटली आहे हे तो विसरला नव्हता. नाताळची करंजी पाहिजे, तळलेली. दिवसातून दहा वेळा तेच.

आई अडकली. तो मागेल ते द्यायचं होतं आणि तळायचं नव्हतं. मागच्या दारातून तिने काकीला विचारलं. काकीलाही लगेच सुचलं नाही. एवढ्या वर्षांत कुठल्या पोराने देवीत तळण मागितलेलं तिने ऐकलं नव्हतं. हिंदूची पोरं दहीभात मागतात, खडीसाखर मागतात, असं ती म्हणाली. किरिस्तावाच्या अंगात आली म्हणजे देवीलाही कळेना कसं वागावं. एवढं बोलून काकी निघून गेली. बाबांनी मात्र भावाला शब्द देऊन टाकला. नाताळला करंजी मिळेल.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी महाडहून पाळकांचा निरोप आला. उद्या येतो, मास्तरांच्या दारात प्रार्थना करू. निरोप आणणारा कुडाबाहेरूनच ओरडून गेला. बाबा उठले आणि पहिल्यांदा त्यांनी दाराचा कडुलिंब सोडून फेकला. मग आईला पीठ मळायला सांगितलं. आईने पीठ मळलं, सारण केलं, करंज्या भरल्या.  तिला वाटत होतं बाबा ऐनवेळी थांबतील. मी कडा दुमडत होते. सतरा झाल्या.

बाबांनी स्वतः कढई चढवली आणि बाटली ओतली. बाटली ओतायचा आवाज मला अजून आठवतो. आई म्हणाली, "वास जाईल."

"जाऊ दे. ह्या घरात उद्या पाळक येणार आहेत. त्यांना किरिस्तावाचं घर दिसलं पाहिजे."

"पोराला नदीवर नेतील."

"तूच मानतेस ना, तो नाही मागत, ती मागते? मग तुझ्या पाहुणीला तळूनच पाहिजे," बाबा म्हणाले आणि ताटातल्या पहिल्या करंजीला हात घातला. आईने कळशी उचलली.

पुढचं मी सांगितलंच आहे.

तापलेल्या तेलाचा वास गेलाच होता. थोड्या वेळात समोरचा शिंपी आणि त्याचा भाऊ अंगणात येऊन उभे राहिले. आत नाही आले, कुडाशी थांबले. बाबांनी धोतराचा सोगा पायावर ओढून घेतला आणि दाराला धरून उभे राहिले.

"मास्तर, वास आला," शिंपी म्हणाला. "तळण केलंव?"

"काही तळलेलं नाही," बाबा म्हणाले. "आत या, बघा."

ते खरंच होतं. सतराच्या सतरा करंज्या कच्च्या ताटात पडल्या होत्या. पण आत कोण येतो. दोघे मागे सरकले. तेवढ्यात काकी पुढच्या अंगणातून आली आणि शिंप्याला म्हणाली, "माझा दिवा कलांडला रे. म्हातारीचा हात हालतो. आता त्याचीबी चावडी भरवतोस काय?" शिंप्याचा भाऊ हसला. मास्तर सांगतात म्हणजे नसेल तळलं, असं म्हणून दोघे गेले. शिंप्याला पटलं नव्हतं. तो जाताना दोनदा वळून बघत होता.

आईने पाण्यात भिजवलेलं फडकं बाबांच्या पायावर घातलं. पायाचं कातडं सुटलं होतं.  बाबा एवढंच म्हणाले की हा पाय कोणाला दाखवायचा नाही. तेलाने भाजलेला पाय बघितल्यावर आळीला वेगळा पुरावा लागला नसता.

करंज्यांचं काय करायचं ते शेवटी काकीने सांगितलं. "उकड गो. उकडलेलं तिला चालतं." आमची चूल भिजली होती. काकीने आपल्या चुलीवर पातेलं ठेवू दिलं, तोंडाला फडकं बांधून वर केळीचं पान पसरलं, त्यावर करंज्या. आमचं भांडं तिच्या चुलीवर त्याआधी कधी चढलं नव्हतं आणि नंतरही चढलं नाही. तांदळाच्या पिठाची उकडलेली करंजी चांगली लागते. गव्हाच्या पिठाची लागत नाही. त्या पांढऱ्या पडल्या, एकमेकींना चिकटल्या, आणि गार झाल्यावर चामड्यासारख्या झाल्या.

आईने एक भावाच्या हातात दिली. "घ्या, तुमची करंजी."

भावाने ती चाचपली आणि म्हणाला, "ही तळलेली नाही."

"नाताळला अशीच असते," बाबा म्हणाले.

त्याच्या तोंडात, घशात फोड होते. त्याने करंजी फोडून आतलं सारण चाटलं, अर्ध्या करंजीचं. बाकीच्या आम्ही खाल्ल्या. मी सहा खाल्ल्या. दोन काकीने नेल्या. तिने खाल्ल्या की गाईला घातल्या ते माहीत नाही.

नाताळच्या दिवशी पाळक आले तोपर्यंत आईने कडुलिंब पुन्हा दाराला बांधला होता. बाबांनी तो काढला नाही. पाळक अंगणात फणसाखाली उभे राहिले, पुढे आले नाहीत. त्यांनी तिथूनच शास्त्र वाचलं, प्रार्थना केली. आम्ही दारातून आमेन म्हटलं. एका पायावर भार देऊन बाबा सगळा वेळ उभे होते. पाळकांचं लक्ष डहाळ्याकडे गेलं आणि त्यांनी तो कशासाठी म्हणून विचारलं. कडुलिंबाने हवा शुद्ध राहते, असं बाबांनी सांगितलं. पाळकांना ते आवडलं. शाळेच्या दारालाही बांधा, म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "मुलाला टोचलं होतं ना, मास्तर?"

आई माझ्या मागे उभी होती. तिने माझी वेणी धरली, न विंचरलेली, आणि घट्ट ओढून ठेवली.

"हो," बाबा म्हणाले.

"कधी कधी टोचलेलं धरत नाही," पाळक म्हणाले. त्यांनी बिस्किटांचा एक पुडा फणसाच्या मुळावर ठेवला आणि ते मोटार गाठायला गेले. बिस्किटं भट्टीत भाजलेली असतात म्हणून काकीने ती चालवून घेतली. नाताळचं खरं गोड तेवढंच झालं.

त्यानंतर आम्ही दिवस मोजत होतो. भावाच्या खपल्या सुकत होत्या आणि बाबांचा पाय चिघळत होता. दिवसा ते खाटेवर पाय घेऊन बसायचे, बाहेर कोणाचा आवाज आला की पांघरूण ओढायचे. आई कोरफड लावायची. महाडला सरकारी दवाखाना होता. तिथे जायचं तर गाडी करायला हवी होती आणि भर आळीतून लंगडत गाडीपर्यंत जायला हवं होतं. आई दोनदा म्हणाली की जा. बाबा म्हणाले, पोराची अंघोळ होऊ दे.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटची खपली पडली. काकीने कडुलिंबाचं पाणी तापवलं, आईने भावाला अंघोळ घातली. त्याचा डावा डोळा पांढरा झाला होता. उजव्याने दिसत होतं. दार उघडलं, डहाळा नदीत सोडला. शिंप्याच्या बायकोने नारळ पाठवला. काकीने माझं डोकं विंचरायला घेतलं आणि उवा बघून मला शिव्या दिल्या.

त्याच दिवशी दुपारी बाबांना भाकरी चावता येईना. जबडा उघडत नव्हता. पाठीला कळा येत होत्या. बैलगाडीने त्यांना महाडला नेलं. मी आणि भाऊ काकीजवळ राहिलो. तिसऱ्या दिवशी आई एकटी परत आली. दवाखान्यात सांगितलं होतं की धनुर्वात झाला, जखम लगेच आणायला हवी होती. आळी म्हणाली की पाहुणीने पोर सोडलं आणि बाप नेला. आईचं म्हणणं काय होतं ते तिने कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मिशनने तिला महाडच्या वसतिगृहात स्वयंपाकाला ठेवलं. तिथे नाताळला मुलींसाठी परातभर करंज्या तळाव्या लागायच्या. त्या ती तळायची. कढईजवळ मला उभं राहू द्यायची नाही. आमच्यासाठी चार वेगळ्या काढून ती पातेल्यावर उकडायची. मोठा झाल्यावर भाऊ म्हणायचा, आता तरी तळ गं. तिने तळल्या नाहीत. त्या चामड्यासारख्याच व्हायच्या आणि आम्ही खायचो.

आई बाबांच्या मागे सदतीस वर्षं जगली. काकी नव्वदीला टेकून गेली. भाऊ एका डोळ्याने मुंबईत छापखान्यात खिळे जुळवायचं काम करून पेन्शनीत निघाला, अजून आहे. मी आहे.